सेफ्टीची पदवी घेतली, आता पुण्यात सेफ्टी ऑफिसर कसं व्हायचं?

पुण्यात ‘सेफ्टी ऑफिसर’ हे एकच नाव दोन वेगळ्या माणसांना लावतात. पहिला साइटवर हिरवं हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट घालून सकाळी टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधीची छोटी सुरक्षा-बैठक) घेतो. दुसरा कायद्यानं नेमावाच लागतो, आणि त्याची पात्रता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकानं मागितली तर कारखान्याला दाखवावी लागते. रोजचं काम दोघांचं बरंचसं सारखं दिसतं, पण पगार, अधिकार आणि पुढची वाट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सेफ्टीची पदवी घेतलेली बरीच मुलं पहिल्या प्रकारात शिरतात आणि पाच वर्षांनी त्यांच्या लक्षात येतं, की दुसऱ्या प्रकारात जायला लागणारा एक कागद आपल्याकडे नाहीच. म्हणून आधी त्या कागदांचा हिशोब मांडू, नोकऱ्यांकडे नंतर येऊ.

पात्रता तीन कागदांची

महाराष्ट्रात कारखान्यांसाठी सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता 1982 च्या सुरक्षा अधिकारी नियमांनी ठरत आली आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात. मूळ शिक्षण आणि त्याला जोडलेला अनुभव ही पहिली गोष्ट: अभियांत्रिकीची पदवी असेल तर कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून दोन वर्षं, अभियांत्रिकी डिप्लोमा किंवा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रातली पदवी असेल तर पाच वर्षं. दुसरी, राज्य सरकारनं मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा डिप्लोमा. तिसरी, त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेचं पुरेसं ज्ञान. इथे तुमची मराठी कायद्यानंच कामाला येते. अर्थात चाकणच्या असेंब्ली लाइनवर आज निम्मं बोलणं हिंदीत चालतं, तेव्हा टूलबॉक्स टॉक दोन्ही भाषांत घेता यायला हवा.

आता खाच कुठे आहे ते बघा. तुमची पदवी ‘इंडस्ट्रियल सेफ्टी’ या विषयातली बी.एस्सी. किंवा बी.व्होक. असेल, तर ती दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जाते, पण पहिलीत बसेलच असं नाही. ती अभियांत्रिकीची नाही आणि भौतिक-रसायनचीही नाही. ज्यानं तीन वर्षं फक्त सेफ्टीच शिकली तोच अडतो, आणि मेकॅनिकल करून वर एक वर्षाचा डिप्लोमा घेतलेला सरळ पुढे जातो, असं विचित्र चित्र त्यातून तयार होतं. बी.टेक. फायर अँड सेफ्टीवाल्यांना मूळ पदवीची अडचण नसते, पण ती पदवी ‘मान्य औद्योगिक सुरक्षा पदवी’ म्हणूनही धरली जाते का, हे वेगळं तपासावं लागतं. दोन्ही बाबतींत विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. संचालनालयाकडे अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ आणि गुणपत्रिकेची प्रत जोडून लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. तोंडी मिळालेल्या ‘हो चालेल’ला नंतर कुणी विचारत नाही.

बांधकाम क्षेत्राचा हिशोब निराळा आहे. तिथल्या 1998 च्या केंद्रीय नियमांत सुरक्षा अधिकाऱ्याचा अनुभव बांधकामावरचा मागितला आहे आणि सुरक्षा डिप्लोमात बांधकाम सुरक्षेचा किमान एक पेपर असावा अशी अट आहे. डिप्लोमाला ऐच्छिक विषय निवडताना ही ओळ लक्षात ठेवा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मेट्रोच्या किंवा टॉवरच्या साइटवर काढलेली चार वर्षं कारखान्याच्या नियमात ‘कारखान्यातला अनुभव’ म्हणून मोजली जात नाहीत. सुरुवातीला जी नोकरी मिळेल ती धरली आणि मग रूळ बदलायचे ठरवले, की ही वर्षं बाजूला पडतात.

कायदाही सध्या कूस बदलतो आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात 40-ब कलमानुसार साधारणपणे 1000 किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता. धोकादायक प्रक्रियांसाठी सरकार त्याहून लहान कारखान्यांनाही ही सक्ती लावू शकत होतं. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिनं हा आकडा कारखान्यांसाठी 500, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी 250, बांधकामासाठी 250 आणि खाणींसाठी 100 असा ठेवला आहे. चाकण, तळेगाव, रांजणगावात पाचशे ते हजार कामगारांचे सुटे भाग बनवणारे कारखाने थोडेथोडके नाहीत, त्यामुळे या बदलाचा सर्वांत मोठा परिणाम याच पट्ट्यात दिसेल. पात्रतेचा तपशील संहितेत नसून नियमांत असतो. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला राज्याचा मजकूर उघडून वाचा, दोन वर्षांपूर्वीच्या नोट्स नव्हे.

डिप्लोमा: कुठला आणि कधी

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा एक वर्षाचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी’, म्हणजे सगळे ज्याला ‘एडीआयएस’ म्हणतात तो, आणि मुंबईत शीवला असलेल्या केंद्रीय श्रम संस्थेचा डिप्लोमा ही दोन नावं इथल्या कंपन्यांच्या एचआरला तोंडपाठ असतात. फी भरण्याआधी संस्थेचा कोड मंडळाच्या संकेतस्थळावर त्या शैक्षणिक वर्षासाठी आहे का ते बघा. गेल्या वर्षी मान्यता होती, यंदा नाही, असं होऊ शकतं.

‘दोन महिन्यांत फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट’ असे फलक पिंपरीपासून स्वारगेटपर्यंत लागलेले दिसतात. असा कोर्स साइटवर सेफ्टी स्टुअर्ड (सुरक्षेचा मदतनीस) म्हणून लागायला उपयोगी पडेल. कायद्यातल्या नेमणुकीसाठी त्याची किंमत शून्य. बारावीनंतरचा फायरचा कोर्स आणि औद्योगिक सुरक्षेचा मान्य डिप्लोमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फलकावर तो फरक मुद्दाम पुसट ठेवलेला असतो.

नेबॉश या सुरक्षेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं आंतरराष्ट्रीय जनरल सर्टिफिकेट ब्रिटिश आहे. त्याचे दोन भाग: एक खुल्या पुस्तकाची लेखी परीक्षा आणि दुसरा प्रत्यक्ष जागेवर केलेलं जोखीम मूल्यांकन. आखातात आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत त्याला मान आहे, पण भारतातल्या वैधानिक पात्रतेची जागा ते घेत नाही. पैसे एकाच कोर्सपुरते असतील तर आधी राज्याचा डिप्लोमा करा. आयएसओ 45001 (सुरक्षा व्यवस्थापनाचं मानक) चा लीड ऑडिटर कोर्स पाच दिवसांचा असतो. तो पहिल्या वर्षी करून काही साधत नाही. ज्यानं कधी परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) भरलं नाही त्यानं परमिट पद्धतीचं ऑडिट काय करायचं?

पहिली नोकरी आणि अनुभवाचं पत्र

नव्या पदवीधराला तीन दारं उघडी असतात: कारखान्यातला ट्रेनी किंवा अप्रेंटिस, ठेकेदाराकडचा साइट सेफ्टी, आणि सल्लागार कंपनीतला ज्युनिअर. तिसऱ्यात शिकायला भरपूर मिळतं. महिन्यात दहा कारखाने पाहून होतात. पण पर्यवेक्षकाचा अनुभव साचत नाही, कारण तुमच्या हाताखाली कोणी नसतं आणि तुम्ही त्या कारखान्याचे नसता.

अभियंता असाल तर एक जुना मार्ग अजूनही सर्वांत भक्कम आहे. पहिली दोन वर्षं प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्समध्ये शिफ्ट सुपरवायझर म्हणून काढायची, मग डिप्लोमा करून सेफ्टीत यायचं. ज्यानं रात्रपाळीत बंद पडलेली लाइन चालू केली आहे, त्याला ऑपरेटर गार्ड (मशीनचं संरक्षक आवरण) का काढतो हे सांगावं लागत नाही.

नोकरी सोडताना मिळणारं पत्र नीट बघून घ्या. ‘त्यांनी आमच्याकडे काम केलं, वर्तणूक चांगली होती’ एवढ्यावर पात्रता सिद्ध होत नाही. पत्रात इतकं असावं: कारखान्याचं नाव आणि परवाना क्रमांक, रुजू आणि सोडण्याची तारीख, पद, कोणत्या विभागावर देखरेख होती, पाळीत किती कामगार हाताखाली होते. पद ‘ट्रेनी’ असेल तर ‘पर्यवेक्षकीय जबाबदारी’ हे शब्द आणि त्यांची तारीख वेगळी लिहून घ्या. थर्ड पार्टी पेरोलवर (म्हणजे पगार दुसऱ्या एजन्सीकडून) असाल तर पत्र एजन्सीचं मिळतं आणि अडचण तिथेच येते. अशा वेळी मूळ कारखान्याच्या विभागप्रमुखाकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र तिथे असतानाच मागा. माणूस बदलून गेला की ते मिळत नाही.

कुठला पट्टा, कुठला धोका

पुणे परिसर एकच एक उद्योग नाही. जिथे अर्ज करणार तिथला धोका ओळखून तयारी केली तर मुलाखतीत पाच मिनिटांत फरक जाणवतो.

भोसरी आणि आसपासच्या लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारं-वाकवणारं यंत्र), लेथ आणि त्यांत सापडणारी बोटं हा विषय आहे. चाकण-तळेगावला वाहन कारखाने: वेल्ड शॉपमधले रोबोट, पेंट शॉपमधले सॉल्व्हंट, फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारे यांची टक्कर, आणि आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या. मुंढव्याच्या फोर्जिंगमध्ये उष्णता आणि आवाज. कुरकुंभला रसायनं, म्हणजे रिअ‍ॅक्टर, टँकर रिकामा करणं, नायट्रोजनचं आच्छादन, इथे बी.एस्सी. केमिस्ट्री आणि सुरक्षा डिप्लोमा ही जोडी चालते. हडपसर-मांजरी पट्ट्यात लस आणि औषधं, तिथे जैवसुरक्षा आणि ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारं दाबाचं भांडं). हिंजवडी-खराडीत आयटी पार्कच्या इमारती आणि त्यांची आग, लिफ्ट, डीजी सेट (डिझेल जनरेटर), एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया). काम सेफ्टीचंच, पण पदाचं नाव बहुधा ‘फॅसिलिटी’ असतं म्हणून सर्चमध्ये सापडत नाही. आणि रस्त्यावरून दिसतच असतं, बांधकाम सगळीकडे.

लहान आणि कडेकडेची युनिट्स नोकरीच्या जाहिराती देत नाहीत, तरी धोका तिथे दाट असतो. जून 2021 मध्ये मुळशीतल्या उरवडे इथे आणि डिसेंबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात लागलेल्या आगींत मृत्यू पावलेल्यांत बहुसंख्य महिला कामगार होत्या. अशा युनिटना पूर्णवेळ अधिकारी परवडत नाही. चार-पाच लहान कारखान्यांना मिळून महिन्यातून ठरावीक दिवस देणारा सल्लागार ही खरी गरज आहे, आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर तो चांगला व्यवसायही होऊ शकतो.

हातात असायला हवं ते

पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा खालच्या चार गोष्टी नीट आल्या, तर पहिल्या वर्षाच्या कामाचा मोठा भाग सुटतो. त्यांवर वेळ घालवा.

पहिली, प्रेस. प्रेसवर लाइट कर्टन (किरणांचा पडदा, हात आत आला की मशीन थांबवणारा) लावलं म्हणजे काम झालं, हा समज महागात पडतो. जुन्या सी-फ्रेम प्रेसमध्ये की-क्लच असतो. एकदा पेडल दाबलं की स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबते, मध्ये थांबूच शकत नाही. तिथे किरण तुटला तरी उपयोग नाही; डायभोवती पक्का गार्ड हाच उपाय, आणि त्याच्या फटीतून बोट जाता कामा नये. फ्रिक्शन क्लचची प्रेस मध्येच थांबवता येते, तिच्यावर लाइट कर्टन चालतं, पण त्याचं अंतर मोजावं लागतं. आयएसओ 13855 नुसार हात येण्याचा वेग सेकंदाला 2000 मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला एकूण 0.2 सेकंद लागत असतील आणि कर्टन 14 मिलिमीटर रिझोल्यूशनचं (म्हणजे तेवढ्या जाडीची वस्तूही ओळखणारं) असेल, तर ते धोक्याच्या जागेपासून किमान 400 मिलिमीटरवर हवं. ब्रेकचं लायनिंग झिजून वेळ 0.24 झाला की तेच अंतर 480 लागतं. कर्टन मात्र जुन्याच जागी उभं असतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक अंतरानं मोजून नोंदवायला सांगा. दोन हातांच्या बटणांचंही तसंच. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच स्ट्रोक व्हावा आणि पुढच्या स्ट्रोकसाठी दोन्ही सोडावी लागावीत. असं सर्किट नसेल तर ऑपरेटर एका बटणात पाचर ठोकतो आणि एक हात मोकळा करून घेतो. त्याला दटावण्याआधी नगांचं टार्गेट कोणी किती लावलंय ते विचारा.

दुसरी, बंदिस्त जागा: टाकी, रिअ‍ॅक्टर, सोसायटीच्या एसटीपीचा खड्डा. गॅस मोजण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. कारण साध्या डिटेक्टरमधला ज्वलनशील वायूचा सेन्सर स्वतः ऑक्सिजनवर चालतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. आत जायचं तर ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या मध्ये, ज्वलनशील वायू एलईएलच्या (हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत. मिथेन वर जातो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो, म्हणून वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणी मोजा. नळीनं नमुना ओढत असाल तर हवा नळीतून सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो, तेवढं थांबा. बहुतेक चुका इथेच होतात. नळी टाकली, आकडा 20.9 दिसला, उतरा. तो आकडा बाहेरच्या हवेचा असतो. आत हवा भरण्यासाठी ब्लोअर वापरा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नाही, कपडेसुद्धा पेट घेतात. बाहेर एक माणूस कायम उभा हवा आणि आतला कोसळला तर त्यानं उडी मारायची नाही, हे त्याला परमिटवर सही करतानाच सांगायचं. एकामागोमाग वाचवायला उतरलेले तिघे-चौघे जातात ते यामुळेच. सेप्टिक टँक आणि गटारांच्या बाबतीत 2013 चा हातानं मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदाही लागू होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो सहसा माहीत नसतो.

तिसरी, उंची. पुण्यात एप्रिल-मे आला की पावसाआधी शेडची गळती काढायची घाई सुटते आणि ठेकेदाराची माणसं सिमेंटच्या पत्र्यावर चढतात. जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या आधारांच्या) ओळीवर बोल्ट दिसतात, त्यावरून चाललं की झालं, असं मुकादम सांगतो. पण बादली उचलताना पाय सरकायला तेवढंच पुरतं. पत्र्यावर क्रॉलिंग बोर्ड (वजन पसरवणारी फळी), खाली जाळी, आणि हार्नेस अडकवायला लाइफलाइन हवी. पारदर्शक पत्रे वरून रंगानं किंवा धुळीनं झाकलेले असतात. आधी आतून बघून त्यांच्या जागा खडूनं आखून घ्या. हार्नेसचाही हिशोब असतो: 1.8 मीटरचा लॅन्यार्ड (हार्नेस अँकरला बांधणारा दोर), शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडला की आणखी 1.75 मीटरपर्यंत, पाठीच्या रिंगपासून पावलापर्यंत साधारण 1.5, आणि 1 मीटर मोकळीक. म्हणजे अँकरच्या खाली सुमारे 6 मीटर रिकामी जागा हवी. शेड 5 मीटर उंच आणि अँकर पायाशी असेल, तर हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आदळतो. तिथे आपोआप आखडणारा ब्लॉक लावा किंवा अँकर डोक्याच्या वर घ्या.

वेल्डिंगचं हॉट वर्क परमिट त्या मानानं सोपं. 11 मीटरच्या घेरातलं जळणारं सामान हलवा, हलत नसेल तर फायर ब्लँकेटनं झाका, खालच्या मजल्यावर ठिणगी जाणारी भोकं बुजवा. काम संपल्यावर फायर वॉच (आग लागते का यावर नजर ठेवणारा माणूस) थांबवा: अमेरिकेच्या एनएफपीए 51-बी मानकात पूर्वी अर्धा तास होता, आता एक तास आहे. आग लागते ती बहुतेक वेळा वेल्डर जेवायला गेल्यावर.

चौथी गोष्ट कागदावरची आहे, जोखीम मूल्यांकन. पाच-बाय-पाचच्या तक्त्यात तीव्रता गुणिले शक्यता असा आकडा काढतात. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे पीपीई (हातमोजे, हेल्मेट यांसारखी अंगावरची संरक्षक साधनं) दिलं की तीव्रता 5 वरून 2 वर आणणं. हातमोज्यानं प्रेसचं वजन कमी होत नाही. पीपीई, प्रशिक्षण, फलक यांनी फार तर शक्यता घटते. तीव्रता घटवायची तर ऊर्जाच कमी करावी लागते, म्हणजे दाब, व्होल्टेज, उंची किंवा रसायनाचा साठा. तुमच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यातले सगळे आकडे हिरवे दिसत असतील, तर अनुभवी मुलाखतकार पहिलं बोट तिथेच ठेवतो.

बायोडेटा आणि मुलाखत

बायोडेटात ‘सेफ्टी कल्चर वाढवलं’ असली वाक्यं नकोत. ‘दोन पाळ्यांत मिळून 180 कामगारांच्या प्रेस शॉपमध्ये रोज सरासरी 6 परमिट तपासली’ हे वाक्य जास्त सांगतं, फक्त आकडा खरा हवा. प्रोजेक्ट किंवा अप्रेंटिसशिपमधलं एका मशीनचं जोखीम मूल्यांकन आणि एक अपघात-चौकशीचा नमुना बरोबर ठेवा. कंपनीचं नाव, फोटो आणि माणसांची नावं काढून. दुसऱ्याच्या कारखान्याची गोपनीय माहिती दाखवणारा उमेदवार आपल्याकडची कुठे दाखवेल, हा विचार समोरच्याच्या मनात येतोच.

वारंवारिता दर, म्हणजे कामाच्या तासांच्या प्रमाणात अपघात किती, हमखास विचारतात. हिशोब असा: 400 कामगार, दिवसाला 8 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 9,60,000 मनुष्य-तास. कामाचा वेळ बुडवणारे 3 अपघात झाले. आयएस 3786 या भारतीय मानकानुसार 3 गुणिले 10 लाख भागिले 9,60,000, म्हणजे 3.125. त्या अपघातांत 48 मनुष्य-दिवस बुडाले असतील तर तीव्रता दर 50. अमेरिकी पद्धतीत गुणक 2,00,000 असतो, तिथे हाच वारंवारिता दर 0.625 येतो. अमेरिकी मालकीची कंपनी असेल तर कुठला गुणक वापरता हे आधी विचारा. नाहीतर आपल्याच कारखान्याचा आकडा पाचपट चांगला किंवा वाईट दिसतो. ओव्हरटाइमचे तास आणि ठेकेदाराचे कामगार भाजकात धरले आहेत का, हाही प्रश्न विचारा. त्यावरून समोरच्या कंपनीची खरी तब्येत कळते. कायद्यानुसार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ न शकणाऱ्या जखमीचा अपघात कळवायचा असतो, तर कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत एक पाळी बुडाली तरी ‘लॉस्ट टाइम’ मोजतात. हे दोन आकडे एकच समजू नका.

बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या फेरीत शॉप फ्लोअरवर चक्कर मारायला लावतात आणि ‘काय दिसलं?’ विचारतात. फायर एक्स्टिंग्विशरचा टॅग, अडवलेली वाट, हेल्मेट नसलेला माणूस हे सगळेच सांगतात. क्रेनच्या हुकाची लॅच तुटलेली, उचलण्याच्या पट्ट्यावर भाराचा टॅग नाही, इलेक्ट्रिक पॅनलसमोर पॅलेट रचलेली, ग्राइंडरचं टूल-रेस्ट चाकापासून लांब सरकलेलं, असं काही सांगितलं तर समोरचा खुर्ची पुढे ओढतो. उचलण्याची यंत्रं 12 महिन्यांतून आणि लिफ्ट-होइस्ट 6 महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागतात. त्या दाखल्याची तारीख क्रेनवर रंगवलेली आहे का, तेही बघा.

पाच-सात वर्षांनंतर

इथून फाटे फुटतात. रसायन क्षेत्रात प्रोसेस सेफ्टी: हॅझॉप, लोपा, सिल, म्हणजे प्रक्रियेतले धोके आणि त्यांवरचं संरक्षण तपासण्याचं काम. यात केमिकल अभियंत्याला आघाडी असते. यंत्रनिर्मितीत मशीन सेफ्टी: आयएसओ 12100 आणि 13849 ही मानकं. पुण्यात ऑटोमेशन आणि खास यंत्रं बनवणारे इतके कारखाने आहेत, की मेकॅट्रॉनिक्सवाल्यांना हे काम घराजवळ मिळतं, आणि आमच्या मते हा सध्या सर्वांत दुर्लक्षित फाटा आहे. औद्योगिक आरोग्यविज्ञान, म्हणजे धूळ, वाफा, आवाज यांचं मोजमाप, हाही तसाच. आवाजाची 8 तासांची मर्यादा 90 डेसिबल, हे सगळ्यांना पाठ असतं. डोसिमीटर (अंगावरचं आवाज मोजणारं यंत्र) कामगाराच्या खांद्यावर नीट लावून पूर्ण पाळी मोजणारे मोजकेच.

सरकारी बाजूला राज्य संचालनालयातली तांत्रिक राजपत्रित पदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. जागा थोड्या आणि जाहिराती लांब अंतरानं येतात, तेव्हा नोकरी करत राहूनच तयारी करावी. आखातात जायचं तर नेबॉश, इंग्रजी आणि पदवीचं प्रमाणीकरण: आधी राज्य शासन, मग देशानुसार परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात मान्य होणारं प्रमाणन), किंवा मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर दूतावासाचा शिक्का. हे काम जाहिरात येण्याआधी उरकून ठेवा.

ऑफर लेटर हातात आल्यावर

पगाराचा वार्षिक आकडा पाहण्याआधी तीन ओळी शोधा. तुम्ही कुणाच्या रोलवर आहात: कंपनीच्या, ठेकेदाराच्या की एजन्सीच्या? वैधानिक सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक आहे की पदाचं नाव फक्त ‘ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) एक्झिक्युटिव्ह’ आहे? आणि वरिष्ठ कोण? नियमांप्रमाणे सुरक्षा अधिकाऱ्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यायचा असतो, तो थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली असायला हवा, आणि त्याच्या कर्तव्याशी विसंगत किंवा बाधक ठरेल असं दुसरं काम त्याला देता येत नाही. प्रत्यक्षात अनेक पत्रांत ‘प्रॉडक्शन मॅनेजरला रिपोर्ट करावे’ आणि ‘कँटीन, सिक्युरिटी व बससेवेची जबाबदारी’ असं लिहिलेलं सापडतं. ज्याची लाइन थांबवायची त्याचीच सुट्टीच्या अर्जावर सही लागत असेल, तर लाइन थांबत नाही. रुजू होण्याआधी एक साधा ईमेल करून हे दोन मुद्दे विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. उत्तर टाळलं गेलं, तर दुसऱ्या कंपनीतली ठरलेली मुलाखत रद्द करू नका.